परत आलेलं यान लगेच का उडवत नाहीत?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सुटलं की उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये कामाला जातो, लेथ आणि इंजिन रिपेअरिंग. सेमिनारसाठी विषय घेतलाय, पुन्हा वापरता येणारी अंतराळयानं आणि दोन मोहिमांच्या मधली त्यांची देखभाल. वाचायला भरपूर सापडलं, पण एका ठिकाणी गाडी अडकली आहे.

स्पेस शटल बांधताना नासाचा हिशोब होता की यान उतरलं की कामाच्या 160 तासांत पुढच्या उड्डाणाला तयार. म्हणजे दोन पाळ्या धरल्या तर दोन आठवड्यांचं काम. प्रत्यक्षात तीस वर्षांत, 1981 ते 2011, 135 उड्डाणं झाली आणि त्यातला सगळ्यात कमी वेळ म्हणजे 1985 मध्ये अटलांटिस या शटलचा, एका उड्डाणापासून दुसऱ्या उड्डाणापर्यंत 54 दिवस. चॅलेंजरच्या अपघातानंतर तर ते 88 दिवसांच्या खाली कधी आलंच नाही. आणि इकडे स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचा एक बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, मार्च 2025 मध्ये 9 दिवसांत पुन्हा उडाला.

माझा प्रश्न साधा आहे. यान धड परत आलं याचा अर्थ ते चांगलं आहे. मग इंधन भरून सोडायला अडचण काय? आमचे सर म्हणतात शटल जुनं तंत्रज्ञान होतं, एवढंच उत्तर लिही. मला ते पटेना. तीच शटलची इंजिनं 2022 मध्ये आर्टेमिस 1 ला लावून चंद्राकडे यान पाठवलं, मग जुनी म्हणून वाईट कशी म्हणायची?

आणखी दोन गोष्टी. शटलची इंजिनं दरवेळी खरंच उतरवायचे का? आणि आपल्याकडे इस्रोचं काम कुठवर आलंय? जाणकारांनी सांगावं, सेमिनार पुढच्या महिन्यात आहे.

रंकाळा चौपाटी

भावा, त्यात माणसं बसायची. बूस्टरमध्ये कोण बसत नाही. कोलंबिया शटल 1 फेब्रुवारी 2003 ला परत येताना तुटलं तेव्हा मी शाळेत होतो. कल्पना चावलांचा फोटो आमच्या वर्गात वर्षभर होता. सात माणसं गेली. त्यानंतर कोण म्हणेल की इंधन भरा आणि सोडा? बाकीचं इथले इंजिनिअर लोक सांगतीलच.

बॉयलर हाऊस

बाळ उद्यमनगरकर, प्रश्न चांगला विचारलास. सरांचं उत्तर लिहू नकोस, तुझी शंका बरोबर आहे. मी कागल भागातल्या एका साखर कारखान्यात इंजिनिअरिंग खात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. अंतराळाचं शिक्षण नाही, पण यंत्र चालवून थांबवायचं, उघडायचं, आणि पुन्हा चालवायला द्यायचं हे काम काय असतं ते मला माहीत आहे. कोलंबियाच्या चौकशीचा अहवाल मी पूर्ण वाचलाय, काही पानं तर दोन-तीन वेळा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या तुलनेतली चूक काढू. फाल्कनचा बूस्टर आणि शटलचं ऑर्बिटर, म्हणजे माणसं बसायची ते पंखांचं यान, ही दोन वेगळ्या जातीची यंत्रं आहेत. बूस्टर वरच्या टप्प्यापासून सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी 8,000 किलोमीटरच्या आसपास असतो. ऑर्बिटर कक्षेतून परत निघतं ते ताशी 28,000 च्या वेगानं. वेग साडेतीनपट, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते हे तुला माहीत आहे. म्हणजे प्रत्येक किलोमागे बारापट ऊर्जा. ती सगळी ऊर्जा परत येताना उष्णता म्हणून कुठेतरी टाकावी लागते. बूस्टर थोडी इंजिनं पेटवून वेग मारतो आणि बाकीची हवेवर सोडतो. ऑर्बिटरला जवळजवळ सगळी हवेवरच मारावी लागायची. नाक आणि पंखांच्या कडा 1,500 अंशांच्या वर तापायच्या.

म्हणून शटलची तुलना करायचीच तर ड्रॅगनशी कर, स्पेसएक्सच्या कक्षेत जाऊन परत येणाऱ्या कुपीशी. माणसं नेणारं पहिलं ड्रॅगन, एन्डेव्हर, 2 ऑगस्ट 2020 ला समुद्रात उतरलं आणि पुन्हा उडालं 23 एप्रिल 2021 ला. आठ महिन्यांच्या वर. ते सगळे दिवस दुरुस्तीचे नव्हते, मोहिमेची वाट बघण्यातही गेले. पण यान छोटं, रचना नवी, आणि तरी काम महिन्यांतच मोजावं लागतं. तळाचं उष्णतारोधक कवच बदलायचं, पॅराशूट नवी, आणि खाऱ्या पाण्यात पडलेल्या प्रत्येक वस्तूकडे संशयानं बघायचं. अशी पाच ड्रॅगन आहेत, शुभांशु शुक्ला गेले ते पाचवं, ग्रेस. एक तयार होतं तोवर दुसरं उडतं, म्हणून आपल्याला वेळ जाणवत नाही.

आता शटलकडे. ऑर्बिटरच्या अंगावर साधारण 24,000 सिलिकाच्या टाइल होत्या. टाइल म्हणजे काचेच्या तंतूंचा इतका हलका ठोकळा की त्यात नव्वद टक्के हवाच. बहुतेक प्रत्येक टाइलचा आकार वेगळा, प्रत्येकीला स्वतःचा नंबर, कारण अंगाची गोलाई जागोजागी बदलते. खालून फेल्टची गादी, मग सिलिकॉनचा चिकटवा. एक टाइल बदलायची म्हणजे जुनी काढा, जागा साफ करा, नवी मापानं कापून आणा, चिकटवा, वाळू द्या, मग ओढून बघा की पकड बसली का.

आणि ज्या टाइलना काहीच झालं नाही त्यांचंही काम होतंच. हे ऐक, सेमिनारला उपयोगी पडेल. टाइलमध्ये पाणी शिरू नये म्हणून तिच्या आत एक रसायन भरलेलं असायचं, डायमिथिलएथॉक्सीसिलेन. परतीच्या उष्णतेत ते आतून जळून जायचं. म्हणजे यान उतरलं की सगळ्या टाइल पाणी प्यायला मोकळ्या. फ्लोरिडातला पाऊस, दमट हवा. टाइल पाणी प्यायली की वजन वाढतं आणि ते पाणी गोठलं किंवा उकळलं तर टाइल फुटते. म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर माणसं हातात एक छोटं पिस्तूल घेऊन यानाखाली उभी राहायची. टाइलच्या अंगावर एक बारीक भोक असायचं, त्यावर पिस्तुलाचं तोंड टेकवायचं, दाबायचं, पुढची टाइल. हजारो वेळा, मान वर करून, तोंडाला श्वासाचा मुखवटा लावून. आणि हे बिघाड नसताना.

आपल्याकडे गळीत हंगाम संपला की ऑफ सीझन सुरू होतो. मिलचे रोलर बाहेर काढायचे, टर्बाइनचं केसिंग उघडायचं, ज्यूस हीटर आणि इव्हॅपोरेटरच्या ट्यूबा साफ करून पाण्याच्या दाबावर तपासायच्या, बॉयलर थंड करून ड्रममध्ये माणूस उतरवायचा, शेवटी बॉयलर इन्स्पेक्टर येऊन हायड्रॉलिक टेस्ट घेणार आणि मग परवानगी. बाहेरच्या माणसाला वाटतं की बिघडलेलं दुरुस्त करायला एवढे महिने लागतात. खरं तर दुरुस्ती थोडी असते. वेळ जातो तो हे सिद्ध करायला की बाकीचं बिघडलेलं नाही. शटलमध्ये हेच प्रत्येक उड्डाणानंतर व्हायचं, आणि त्यांचा हंगाम आठवड्या-दोन आठवड्यांचा.

तुझा दुसरा प्रश्न. हो, इंजिनं उतरवायचे. पहिल्या काळात काही वेळा जागेवरच ठेवली, पण पुढे तिन्ही इंजिनं काढून वेगळ्या शेडमध्ये नेणं हाच रिवाज झाला. त्या इंजिनाचा हायड्रोजनचा पंप मिनिटाला 35,000 च्या आसपास फेरे घ्यायचा, ताकद सत्तर हजार अश्वशक्तीच्या घरात. एका बाजूला उणे 253 अंशांचा द्रव हायड्रोजन, थोड्या अंतरावर 3,300 अंशांची ज्वाला. पात्यांना चिरा जायच्या. सुरुवातीच्या पंपांचं आयुष्य इतकं कमी होतं की ते वारंवार काढून उघडावे लागायचे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून 2001 पर्यंत नव्या रचनेचे पंप येत गेले तशी ही उघडझाप कमी झाली. शिवाय हायड्रोजन-ऑक्सिजन जळून पाणीच तयार होतं, म्हणून बंद झालेलं इंजिन आतून गरम वायूनं सुकवायचं, पंपाचा दांडा हातानं फिरवून किती जोर लागतो ते मोजायचं, भोकातून बोरोस्कोप, म्हणजे आतलं बघायची बारीक नळीची दुर्बीण, घालून पाती बघायची.

त्यात इंधनाचं विष. कक्षेत वळण्यासाठी जे छोटे थ्रस्टर होते त्यात मोनोमिथिल हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड. त्या लाइनवर काम करताना माणसाला पूर्ण बंद पोशाख आणि शेडमधली बाकीची माणसं बाहेर. म्हणजे एक काम चालू असताना दहा कामं थांबलेली. वेळ खाणारी गोष्ट ही असते, आणि ती कागदावरच्या 160 तासांत कोणी धरली नव्हती.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. उघडणं हे फुकट नसतं. चांगलं चालणारं यंत्र उघडलं की त्यात नवा बिघाड जाण्याची वाट आपणच करून देतो. आमच्याकडे एका ऑफ सीझनला टर्बाइनचं बेअरिंग, धडधाकट असताना, केवळ यादीत आहे म्हणून उघडलं होतं. ठेकेदाराच्या माणसानं ऑइल लाइनच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून चिंधीचा बोळा कोंबला आणि बांधणी करताना तो आतच राहिला. चाचणीला बेअरिंग तापलं, वेळेवर बंद केलं म्हणून शाफ्ट वाचला. पुढच्या वर्षीपासून उघडलेल्या प्रत्येक तोंडाला नंबरचं झाकण आणि रजिस्टरला दोन सह्या.

शटलमध्ये याचं उदाहरण आहे ते 23 जुलै 1999 चं. कोलंबिया, आयलीन कॉलिन्स कमांडर, शटलची पहिली महिला कमांडर. पोटात चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची. उड्डाण होऊन पाच सेकंद झाली आणि शॉर्टसर्किट. दोन इंजिनांचे एकेक कंट्रोलर, म्हणजे इंजिन सांभाळणारे संगणक, गेले. प्रत्येक इंजिनाला दुसरा कंट्रोलर होता म्हणून ती चालू राहिली. कारण सापडलं ते असं की एका वायरचं आवरण स्क्रूच्या खरबरीत डोक्याला घासून उघडं पडलं होतं. जमिनीवर देखभाल करताना माणसांचा वावर होतो, वायर दाबली जाते, त्यातूनच हे झालं असं चौकशीत धरलं गेलं. सगळी ऑर्बिटर थांबवून मैलोगणती वायरिंग तपासावं लागलं.

त्याच उड्डाणात दुसरी गोष्ट. इंजिनात ऑक्सिजन सोडणाऱ्या नळ्या असतात, त्यातली एखादी खराब झाली की सोन्याचा मुलामा दिलेली जेमतेम इंचभर पिन ठोकून ती बंद करायची. आम्ही बॉयलरची गळकी ट्यूब प्लग करतो तेच. यातली एक पिन सुटली, ज्वालेबरोबर उडाली आणि नॉझलच्या भिंतीवर आदळली. नॉझलची भिंत 1,080 बारीक नळ्यांची, त्यात थंड हायड्रोजन वाहतो. तीन नळ्या फुटल्या. हायड्रोजन गळत राहिला, त्याची भरपाई म्हणून इंजिनानं ऑक्सिजन जास्त ओढला, आणि शेवटी ऑक्सिजन संपत आल्यानं इंजिनं किंचित आधी बंद झाली. कक्षा थोडी खाली मिळाली, मोहीम पार पडली, सगळे सुखरूप आले.

एकाच उड्डाणात दोन बिघाड, आणि दोन्ही दुरुस्तीच्या हातातून आलेले. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. तपासलं नाही तर धोका, आणि तपासायला उघडलं तर वेगळा धोका. पुन्हा वापरायच्या यानाची खरी कारागिरी म्हणजे न उघडता आतली खबर मिळेल अशी रचना मुळातच करणं. शटल 1970 च्या दशकात आखलं गेलं. पैसा कमी पडला, आणि काटछाट झाली ती पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीची सोय पाहणाऱ्या भागावर. तपासायची जागा पॅनेलच्या मागे, तिच्यापुढे दुसरी यंत्रणा, तिला हलवायचं तर तिची जोडणी सोडायची आणि नंतर तिचीही चाचणी. हे तंत्रज्ञान जुनं असल्यामुळे झालेलं नाही. बांधतानाच उघडणाऱ्या माणसाचा विचार मागे पडला म्हणून झालं.

फाल्कनवाल्यांनीही एका दिवसात हे केलं नाही. पहिला बूस्टर जमिनीवर उतरला डिसेंबर 2015 मध्ये. वापरलेला बूस्टर पहिल्यांदा पुन्हा उडाला 30 मार्च 2017 ला, आणि तो उतरला होता एप्रिल 2016 ला. जवळजवळ वर्ष. ती पहिली यंत्रं त्यांनी खोलून पाहिली, कुठे काय झिजतं ते लिहिलं आणि 2018 मध्ये रचना बदलून ब्लॉक 5 आणली. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीदार पंखांना परतताना आग लागायची, तिथे टायटॅनियम आलं. पाय काढून ठेवावे लागायचे, ते जागेवर दुमडता येऊ लागले. केरोसिनची काजळी अंगावर राहते ती राहू दिली, कारण तिच्यानं काही बिघडत नाही हे त्यांना कळलं होतं. एक बूस्टर 2025 मध्ये तिसाव्यांदा उडाला. प्रत्येक वेळी काय उघडायचं नाही, ही यादी त्यांची वाढत गेली. शटलची यादी उलट दिशेनं वाढली, प्रत्येक अपघातानंतर तपासण्या वाढत गेल्या. त्यासाठी मी त्या लोकांना दोष देणार नाही. चार ऑर्बिटर, त्यात माणसं, आणि वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उड्डाणं. सर्वात जास्त 1985 मध्ये, तीही नऊ. इतक्या थोड्या अनुभवावर अमुक एक तपासणी बंद करा असं सही करून कोण देणार?

उद्यमनगरकर

काका, हे वाचून डोकं सुन्न झालं. खूप आभार. पिस्तुलाची गोष्ट मी नक्की घेणार.

एक समजलं नाही. तुम्ही म्हणता न उघडता खबर मिळाली पाहिजे. कोलंबियाला तर उड्डाणातच मार लागला होता, इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखावर आपटला. तो मार नंतर दिसला असता की नाही, हा वेगळा मुद्दा झाला. पण त्याआधीच्या उड्डाणांत पंखाची ती कडा तपासत होते ना? मग तिची खरी ताकद का कळली नाही? आमच्याकडे क्रँकशाफ्ट आला की लाल रंग मारून चीर बघतात, तसं करत नव्हते का?

शिरोली एनडीटी

हा प्रश्न माझ्या धंद्याचा आहे म्हणून लिहिते. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणी विभाग बघते. आमच्याकडे ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांचे कास्टिंग होतात.

तुमच्या वर्कशॉपमध्ये करतात ती डाय पेनिट्रंट टेस्ट. भाग साफ करायचा, लाल रंग मारून थांबायचं, रंग पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. चिरेत शिरलेला रंग हळूहळू पांढऱ्यावर उमटतो, केसाएवढी लाल रेघ. पण ही रेघ दिसते ती चीर पृष्ठभागावर उघडत असेल तरच. आतला ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, ती दाखवत नाही, त्याला अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रे. आणि भाग सच्छिद्र असेल तर रंग सगळीकडेच शिरतो, काहीच कळत नाही. मुळात कुठली तपासणी कुठला दोष दाखवते हे आधी ठरवावं लागतं. नुसतं तपासलं असं कधी नसतं.

शटलच्या पंखाची कडा धातूची नव्हती. कार्बनचं कापड कार्बनमध्येच पक्कं केलेलं, त्याची पॅनेल, प्रत्येक पंखाला 22. बाहेर सिलिकॉन कार्बाइडचा थर, कारण उघडा कार्बन तेवढ्या उष्णतेत हवेशी मिळून जळून जातो. बाहेरचा थर धड दिसत असतानाही आतला कार्बन झिजत जाऊ शकतो. कोलंबियाच्या अपघाताआधी, दोन उड्डाणांच्या मध्ये मुख्यतः डोळ्यांनी बघणं आणि बोटांनी चाचपणं एवढंच होतं. चौकशी समितीनं नेमकं यावर बोट ठेवलं की या पॅनेलच्या आतली अवस्था कळेल अशी तपासणी तुमच्याकडे नाही.

आणि ताकद किती हे तपासणीतून कळत नाही, ते फोडून बघावं लागतं. अपघातानंतर त्यांनी ते केलं. खऱ्या पॅनेलवर पाऊण किलोच्या आसपासचा फोमचा तुकडा गॅसच्या तोफेनं मारला. आठव्या पॅनेलला जवळजवळ सोळा इंचांचं भगदाड पडलं. तोवर फोम हलका, त्यानं काय होणार असंच अनेकांना वाटत होतं.

त्यानंतर प्रत्येक पॅनेलची थर्मोग्राफी सुरू झाली. झगझगीत फ्लॅश मारून पृष्ठभाग क्षणभर तापवायचा आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं तो थंड कसा होतो ते बघायचं. आत थर सुटला असेल तर तिथली उष्णता आत जायला वाट मिळत नाही, ती जागा जास्त वेळ तापलेली दिसते. पॅनेल खोलायचं नाही, फोडायचं नाही. काका म्हणाले ते हेच.

अजून एक सांगते. आमच्याकडे नवीन मुलगा आला की त्याला वाटतं तपासणी म्हणजे खराब जॉब पकडणं. खराब जॉब पकडणं सोपं आहे. अवघड आहे ते चांगल्या जॉबवर चांगला म्हणून शिक्का मारणं, कारण तो शिक्का पुढे कुणाच्या तरी गाडीत जातो. शटलच्या टाइल तपासताना दोन टाइलमधली फट किती आणि एक टाइल दुसरीच्या वर किती उचललेली हे मोजायचे. थोडा जास्त उंचवटा असला तरी हवेचा प्रवाह लवकर ढवळतो आणि मागची सगळी जागा जास्त तापते. 2005 मध्ये कोलंबियानंतरच्या पहिल्याच उड्डाणात यानाच्या पोटावर फटीत भरायच्या दोन पट्ट्या बाहेर आलेल्या दिसल्या. स्टीव्ह रॉबिन्सन यांना अंतराळात चालत यानाच्या खाली नेलं आणि त्यांनी त्या हातानं ओढून काढल्या. दोन्ही अलगद निघाल्या. एवढ्या पट्टीसाठी एवढा खटाटोप कुणाला जास्त वाटेल. मला अजिबात वाटत नाही.

बॉयलर हाऊस

ताई, थर्मोग्राफीचं तुम्ही फार नेमकं लिहिलंत. मला ते इतकं स्वच्छ सांगता आलं नसतं.

इस्रोचं राहिलं होतं, ते लिहितो. 2007 च्या जानेवारीत एसआरई-1 ही 550 किलोची कुपी बारा दिवसांनी कक्षेतून परत आणून बंगालच्या उपसागरातून बाहेर काढली. तिच्या अंगावर आपल्याच सिलिकाच्या टाइल होत्या. 23 मे 2016 ला पंखांचं छोटं यान, आरएलव्ही-टीडी, श्रीहरिकोटाहून सोडलं, ते ध्वनीच्या पाचपट वेगापर्यंत गेलं आणि ठरल्याप्रमाणे समुद्रात उतरलं. ते परत वापरायचं नव्हतंच.

मग धावपट्टीवर उतरण्याच्या चाचण्या. 2 एप्रिल 2023, 22 मार्च 2024 आणि 23 जून 2024, तिन्ही चित्रदुर्ग जिल्ह्यात. आपल्याच हायवेनं बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत गेलं की लागतो तो चित्रदुर्ग. चिनूक हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटरवर नेऊन सोडायचं, पुढे यान स्वतःच धावपट्टी शोधतं. तिसऱ्या चाचणीत मुद्दाम 500 मीटर बाजूला सोडलं आणि वाराही जास्त होता. उतरतानाचा वेग ताशी 320 किलोमीटरच्या वर. प्रवासी विमान उतरतं ते 260 च्या आसपास. टेकल्यावर पॅराशूटनं वेग 100 पर्यंत आणला, मग चाकांचे ब्रेक.

तुझ्या सेमिनारला यातली एक गोष्ट घे. तिसऱ्या चाचणीत दुसऱ्या चाचणीचंच शरीर आणि त्याच उड्डाण यंत्रणा, काहीही बदल न करता वापरल्या. तीन महिन्यांत. यानाचं नाव पुष्पक. मला याचा फार आनंद झाला होता, कारण पुन्हा वापराचा पहिला धडा आपण धावपट्टीपासून गिरवला, चाकं, ब्रेक, पंखांची हालचाल, या गोष्टींपासून. पण सेमिनारमध्ये हे स्पष्ट लिही की या चाचण्यांमध्ये उष्णता नव्हती. साडेचार किलोमीटरवरून येणाऱ्या यानाच्या टाइलला काही सोसावं लागत नाही. कक्षेतून आलेलं पंखांचं यान पुन्हा तपासून उडवणं हा टप्पा पुढचा आहे, आणि तिथे ताईंसारखी माणसं लागतील, आताच्यापेक्षा कितीतरी जास्त.

सेमिनारची मांडणी विचारशील तर सगळी यानं घेऊ नकोस. बुरान, एक्स-37बी, स्टारशिप, सगळं एका पानात कोंबलं की काहीच राहत नाही. 1999 चं ते एक उड्डाण घे आणि वायर आणि पिन, दोन्ही कुठून आल्या ते मागे मागे जात दाखव. मेकॅनिकलच्या पोरांना ते लगेच भिडेल, सरांनाही.

उद्यमनगरकर

काका, ठरलं. 1999 चंच घेतो. नॉझलचं चित्र काढायला आजच बसतो, नळ्या कशा लावलेल्या असतात ते नीट दाखवायचंय.

ताई, एक विनंती. थर्मोग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक प्रत्यक्ष बघायला मिळेल का? कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन आहे, पण ते कधी चालू झालेलं मी बघितलं नाही.

शिरोली एनडीटी

थर्मोग्राफी आमच्याकडे नाही. अल्ट्रासॉनिक आणि डाय पेनिट्रंट दोन्ही रोज चालतं. कॉलेजचं पत्र आण, त्यावर विभागप्रमुखांची सही हवी, नाहीतर गेटवर सोडणार नाहीत. आयकार्ड, सेफ्टी शूज, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. सकाळच्या पाळीला ये, दुपारनंतर फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या, आवाजात काही सांगता येत नाही. उद्यमनगरातून एखादा जुना क्रँकशाफ्ट घेऊन आलास तर आणखी बरं. त्याला आपण आधी डोळ्यांनी बघू, तुला काय दिसतं ते तू कागदावर लिही, मग रंग मारू.